जमीन हादरते ती कशाने?



या सदरात आपण एरवी बी-बियाणे, खते, कीड-रोग आणि जनावरांची दुखणी यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा निराळा आहे. पण तोही जमिनीचाच आहे, फक्त नांगराचा फाळ पोचतो त्याच्या फार खालचा.

झाले असे. मे महिन्यात मातीचे नमुने घेण्यासाठी पाटण तालुक्यातल्या एका वाडीला गेलो होतो. काम आटोपून एका घरी चहाला बसलो. घराची कौले उतरवून अंगणात रचून ठेवली होती. चौकशी केली तेव्हा कळले, की जुन्या दगड-मातीच्या भिंती तशाच ठेवून त्यांच्यावर स्लॅब टाकायचा बेत आहे. गवंड्याला उचलही दिली होती. एवढ्यात दूरवरून मालट्रक यावा तसा गडगडाट झाला, फळीवरची भांडी किणकिणली आणि दोन-तीन सेकंदांत सगळे शांत झाले. घरातले कोणी उठलेसुद्धा नाही. चुलीपाशी बसलेल्या आजी मात्र माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"सायब, तुमी शिकल्याली मानसं. ह्या धरणाच्या बुडाला जवालामुखी हाय म्हनत्यात. खरं हाय का वो?"

त्यांचा नातू म्हणाला, "न्हाई गं आजी, पान्याच्या वज्ज्यानं जमीन दबती."

दोघांचेही म्हणणे ऐकून घेतले. आजींचा प्रश्न साताऱ्या-सांगलीकडे अनेक गावांत मला विचारला गेला आहे. म्हणून त्यांना दिलेले उत्तर आज सर्वांसाठी सविस्तर लिहितो.

भुईच्या पोटात काय आहे?

आपल्या पायाखालची जमीन म्हणजे पृथ्वीची वरची साल. पृष्ठभागापासून पृथ्वीच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ६,३७० किलोमीटर आहे. त्या मानाने ही साल फारच पातळ. आपल्यासारख्या मोठ्या भूखंडाखाली ती साधारण ३० ते ४० किलोमीटर जाड असते. तिच्या खाली अतिशय तापलेला खडक आहे. हा खडक सगळीकडे वितळून पातळ झालेला आहे असा पुष्कळांचा समज असतो, पण तो बरोबर नाही. तो घट्टच आहे. मात्र उष्णतेमुळे लाखो वर्षांच्या हिशेबाने तो अगदी सावकाश सरकतो.

ही साल आणि तिच्या लगतचा खालचा कठीण थर एकसंध नाही. त्याचे मोठमोठे तुकडे पडलेले आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. आपला भारतीय भूपट्ट दर वर्षी सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. बोटांची नखे वाढतात, जवळजवळ तशीच ही चाल समजा. पण उत्तरेला आशियाचा पट्ट वाट अडवून उभा आहे. त्या रेटारेटीत हिमालय उभा राहिला आणि अजूनही तो उचलला जात आहे. जगातले बहुतेक भूकंप आणि बहुतेक ज्वालामुखी अशा पट्टांच्या कडांवर आहेत. जपान आणि इंडोनेशिया हे देश कडेवरच बसलेले आहेत.

आपण तर पट्टाच्या मध्यभागी आहोत. मग इथे भूकंप का? कारण कडेला रेटा बसला, की त्याचा ताण आतपर्यंत पोचतो. आतल्या खडकाला जिथे जुन्या भेगा आहेत, तिथे तो ताण साठत राहतो.

फाळ अडकतो तसे

भूकंप कसा होतो हे नांगरट केलेल्या माणसाला सांगायला वेळ लागत नाही. नांगराचा फाळ एखाद्या जुन्या मुळीत अडकतो. बैल ओढत राहतात. दोर ताणले जातात, जू करकरते, पण नांगर हलत नाही. आणि मग एकदम मुळी तुटते, नांगर हिसक्यासरशी पुढे जातो आणि रुमणे धरणारा माणूस कोलमडतो.

जमिनीतल्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक असेच एकमेकांत अडकून बसलेले असतात. ताण वर्षानुवर्षे वाढतो. खडकाला तो सोसवेनासा झाला, की भेगेच्या दोन्ही बाजू एका क्षणात घसरतात. त्या हिसक्याच्या लाटा चहूकडे पसरतात. तोच भूकंप.

या लाटा दोन प्रकारच्या असतात. पहिली लाट वेगाने येते, तिने आवाज होतो आणि भांडी किणकिणतात. तिच्या मागून दुसरी येते. ती जमीन आडवी हलवते आणि घरे पाडते ती मुख्यतः हीच. कोयनेच्या खोऱ्यात हिसका फार खोलावर बसत नाही, बहुतेक वेळा दहा किलोमीटरच्या आतच बसतो. म्हणून धक्का लहान असला तरी गडगडाट स्पष्ट ऐकू येतो.

भूकंपाची मोठाई आकड्यात सांगतात. त्यातली मेख लक्षात घ्या. चारच्या भूकंपापेक्षा पाचचा भूकंप सव्वापट मोठा नसतो. एक आकडा वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. म्हणून "तीनचे धक्के रोज सोसतो, सहाला काय भ्यायचे?" असे म्हणणे धोक्याचे आहे.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात १९६१-६२ पासून पाणी साठू लागले. त्यानंतर थोड्याच काळात त्या परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले. सप्टेंबर १९६७ मध्ये एक मोठा धक्का बसला. आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी सहाच्या वरचा भूकंप झाला. सुमारे १८० ते २०० माणसे दगावली, दोन हजारांवर जखमी झाली आणि कोयनानगरातली बहुतेक घरे मोडली. हादरा मुंबईपर्यंत जाणवला. १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या, पण धरण उभे राहिले. पुढे काँक्रीटची जोड देऊन ते बळकट करण्यात आले.

आजी त्या वेळी नव्या सुनेच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "थंडीचं दीस. समदी आत निजलेली. जाग आली तवा भितीच नव्हती, चांदण्या दिसत व्हत्या. नणंद माझ्या शेजारी निजली व्हती. तिच्यावर भित पडली. माझ्यावर न्हाई पडली. दोन हाताचं अंतर."

यापुढे त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही.

मग दोष धरणाचा का? शास्त्रज्ञांनी याचा पुष्कळ अभ्यास केला आहे आणि जलाशयामुळे चाळवल्या गेलेल्या भूकंपांत कोयनेचा भूकंप जगातला सर्वांत मोठा समजला जातो. पण "चाळवला" हा शब्द नीट ध्यानात घ्या. ताण आणि भेगा तिथे आधीपासूनच होत्या. तो ताण पाण्याने निर्माण केला नाही. पाण्याने अडकलेली मुळी सैल केली.

तुमच्या बांधाचेच उदाहरण घ्या. कोरडा बांध वर्षानुवर्षे उभा असतो. श्रावणात झडीचा पाऊस लागला, मातीच्या कणाकणांत पाणी शिरले, की तोच बांध एके रात्री घसरतो. पाणी आतून दाब देते आणि मातीची एकमेकीवरची पकड सुटते. जलाशयाचे पाणी भेगांतून खोल झिरपते, तेव्हा खडकाच्या बाबतीतही तसेच होते. नातवाने सांगितलेले ओझेही खरेच आहे. पण ओझ्यापेक्षा मुरलेल्या पाण्याचा दाब महत्त्वाचा मानतात. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर आणि पुढे पाणी उतरू लागल्यावर या भागात धक्क्यांचे प्रमाण वाढते, असे दिसून आले आहे. सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात चांदोलीला वारणेचे पाणी १९८५ पासून अडवले गेले. पुढे १९९३-९४ मध्ये त्या बाजूलाही पाचच्या वरचे धक्के बसले.

मात्र सगळीच धरणे भूकंप आणत नाहीत. देशात हजारो धरणे आहेत. जिथे खाली ताणलेली भेग आहे, तिथेच असे घडते. कोयनेच्या पाण्यावर आणि विजेवर लाखो घरे चालतात, हेही विसरून चालणार नाही.

मग ज्वालामुखीचे काय?

आता आजींचा मूळ प्रश्न. कोयनेच्या तळाशी ज्वालामुखी आहे का? नाही. हे केवळ अंदाजाने सांगत नाही. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची एक प्रयोगशाळा कराडला आहे. कोयना भागातल्या गोठणे येथे २०१६-१७ मध्ये तीन किलोमीटर खोल भोक घेण्यात आले. वरचे सुमारे सव्वा किलोमीटर आपला काळा पाषाण लागला. त्याच्या खाली पेटता रस नव्हे, तर त्याहूनही कितीतरी जुना कठीण ग्रॅनाइट लागला.

पण आजींच्या बोलण्यात एका अर्थाने तथ्य आहे. आपला सारा मुलूखच ज्वालामुखीने घडवलेला आहे. फक्त ती गोष्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची आहे. त्या वेळी डोंगराच्या टोकातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब चिरांमधून तप्त रस बाहेर आला आणि सपाटीवर पसरला.

गुऱ्हाळावर काहिलीतला तापलेला पाक वाफ्यात ओततात, तेव्हा तो कसा पसरतो आणि निवताना त्यावर कशी साय धरते ते आठवा. तो थर निवला. पुष्कळ काळ गेला. त्यावर माती झाली. पुन्हा रस आला आणि त्या मातीवर पसरला. असे थरावर थर साचत गेले. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या खडकाखाली आहे. चिपळूणकडे उतरताना कुंभार्ली घाटातल्या कड्यांकडे पाहा. पायऱ्या कोरल्यासारखे थर दिसतील. कुठे कुठे दोन थरांमध्ये लाल पट्टा दिसतो. ती त्या काळची माती. वरून आलेल्या रसाने ती भाजून निघाली.

आज महाराष्ट्रात एकही जिवंत ज्वालामुखी नाही. भारतात जागा असलेला ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रातल्या बॅरन बेटावर आहे. तो दीडशेहून अधिक वर्षे शांत होता आणि १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. त्या बेटावर वस्ती नाही. तेव्हा कोयनेत धक्का बसला म्हणून आग बाहेर येईल, ही भीती मनातून काढून टाका.

त्या आगीचे आपल्या शेतातले देणे

हा जुना रस निवून जो काळा पाषाण झाला, तोच झिजून आपली काळी माती झाली. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागातली खोल काळी जमीन या पाषाणाची लेक आहे. चुना, मॅग्नेशियम आणि लोह ती आईकडून घेऊन येते. नत्र मात्र खडकात नसते. ते शेणखताने, हिरवळीच्या खताने आणि कडधान्याच्या फेरपालटानेच द्यावे लागते. महाबळेश्वर, पाचगणी आणि कासच्या पठारावरचा जांभा हाही मूळचा हाच खडक. तो पावसाने धुऊन धुऊन तांबडा झाला.

विहीर खणणाऱ्यालाही हे थर ठाऊक असावेत. रस निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, ती झाली सच्छिद्र पाषाणाची जात. पुढे त्या छिद्रांत पांढरे खडे भरले. मुरूम आणि फुटका, झिजलेला पाषाण पाणी धरतो. एकसंध काळा पाषाण लागला आणि त्यात भेग नसली, तर कितीही खोल गेले तरी पाणी मिळण्याची आशा थोडी. जत-आटपाडीच्या शेतकऱ्यांनी यात पुष्कळ पैसा घातला आहे. म्हणून बोअर घेण्याआधी शेजारच्या विहिरीत कोणते थर लागले ते पाहून घ्या. मोठ्या भूकंपानंतर विहिरींचे पाणी एकाएकी वर-खाली होते किंवा झरा आटतो, तेही या भेगांची उघडझाप झाल्यामुळे.

माणसे भूकंपाने मरत नाहीत, भिंतींनी मरतात

आता मुख्य मुद्दा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीला भूकंप झाला. उस्मानाबादचे नाव आज धाराशिव आहे. गणेश विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. तो भूकंपही सहाच्या थोडा वर, म्हणजे कोयनेच्याच जातीचा. पण तिथे आठ ते दहा हजार माणसे गेली. दोन-अडीच हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा आपला समज किल्लारीने खोटा ठरवला.

दगड-मातीची भिंत एक दिसते, पण ती खरी दोन भिंतींची असते. आतून एक तोंड, बाहेरून एक तोंड आणि मधे गाळ व चिपा. हादरा बसला की दोन्ही तोंडे फुगतात आणि सुटी होऊन कोसळतात. वर जितके ओझे, तितका घात मोठा.

म्हणूनच त्या वाडीतल्या भिंतींवर स्लॅब चढणार हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. भारतीय मानक संस्थेच्या २००२ च्या नकाशात कोयनेचा भाग धोक्याच्या चौथ्या वर्गात दाखवलेला आहे, आणि हे लोक तर खोऱ्याच्या काठावरच राहतात. स्लॅब वाईट नव्हे. पण तो तोलायला लोखंडाने बांधलेले खांब-तुळया हवेत किंवा सिमेंटातली, पट्टे घातलेली भिंत हवी. मातीत रचलेल्या भिंतीवर स्लॅब म्हणजे कणसाच्या ताटावर ठेवलेला पाटा.

घर बांधताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१) बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती काढा, आरे सुटे होतात. घरालाही धाव हवी. जोत्याच्या पातळीवर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली, सर्व भिंतींवरून सलग फिरणारा लोखंड घातलेला काँक्रीटचा पट्टा घाला. तो कुठेही तोडू नका.

२) दगडी बांधकामात दर थराला ठरावीक अंतरावर भिंतीच्या दोन्ही तोंडांना धरणारे आरपार दगड बसवा. जोडणी मातीऐवजी सिमेंटात करा.

३) कोपऱ्यांत उभी सळई पायापासून छपरापर्यंत न्या. दार-खिडकी कोपऱ्याला चिकटून ठेवू नका, निदान दोन फूट सोडा.

४) लांबच लांब मोकळी भिंत नको. मधे आडवी भिंत द्या. आढ्याखालच्या त्रिकोणी भागात दगड चढवण्यापेक्षा पत्रा किंवा फळ्या लावा.

५) छप्पर हलके ठेवा आणि वासे पट्ट्याला पक्के बांधा. जुन्या घरात माळ्यावरची धान्याची पोती खाली आणा. निजण्याची जागा जड फळ्या आणि मांडण्यांपासून दूर ठेवा.

६) काम सुरू करण्याआधी पंचायत समितीतल्या बांधकामाच्या अभियंत्याला नकाशा दाखवा. पट्टे आणि सळया यांचा खर्च सगळ्या घराच्या खर्चात थोडाच असतो.

आणि धक्का बसलाच तर? दाराजवळ असाल आणि अंगण मोकळे असेल तर बाहेर पडा. भिंती, विजेचे खांब आणि उताराखालची जागा टाळा. बाहेर पडता येत नसेल तर मजबूत पलंगाखाली किंवा मेजाखाली जा आणि डोके झाका. माडीवरून उडी मारू नका. हादरे थांबल्यावर शेगडी विझवा, गॅसची टाकी बंद करा, जनावरांची दावी सोडा. मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के येतातच, म्हणून तडे गेलेल्या घरात सामान आणायला परत शिरू नका. अमक्या तारखेला इतक्या वाजता भूकंप होणार, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची विद्या जगात आज कोणापाशीही नाही.

हे सगळे त्या अंगणात सांगून झाल्यावर आजींचा मुलगा म्हणाला, "सायब, उचल दिलीया. पावसाळा तोंडावर आलाय. आता काय करू?" त्याची अडचण खरी होती. पैसा कर्जाऊ होता. मी अभियंत्याकडे चिठ्ठी दिली. आठ दिवसांनी कळले, की स्लॅब रहित झाला. यंदा माळ्यावरचे ओझे काढून हलक्या पत्र्याखाली पावसाळा काढायचा आणि सुगीनंतर भिंती उतरवून पट्टे घातलेले लहान घर बांधायचे, असे ठरले. गवंड्यानेही उचल पुढच्या कामात धरायचे मान्य केले.

मी निघालो तेव्हा आजी ओट्यापर्यंत आल्या होत्या. म्हणाल्या, "जवालामुखी न्हाई ना? मग भित तेवडी चांगली घालू या."

मलाही यापेक्षा अधिक काही सांगायचे नाही. पायाखालची भेग आपल्या हातात नाही, डोक्यावरची भिंत आहे. तुमच्या घराचे किंवा गोठ्याचे काम निघाले असेल, तर या हंगामात एवढे एक करा : पहिला दगड बसवण्याआधी गवंड्याला विचारा, "पट्टा कुठे घालणार?"